जांगल देशींचा पाहुणा

‘जंगल’ हा शब्द कानीं पडतांच आपल्या मनापुढें दाट झाडी, वेलींचें जाळें आणि सूर्यकिरणांस मज्जाव करणारी ओली सांवली उभी राहते. शब्दांचे अर्थ काळाच्या ओघांत बदलतात हें खरें. पण या एका शब्दाइतका उलटा फिरलेला शब्द मला दुसरा आठवत नाहीं. संस्कृतांत ‘जांगल’ म्हणजे अगदीं निराळ्या प्रकारचा प्रदेश. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. त्यांपैकीं आनूप तो पाणथळ व दाट झाडीचा. जांगल तो कोरडा आणि मोकळा. चोहोंकडे उघडें आकाश, वारा रुक्ष, झाडें खैर, बोर, शमी यांसारखीं, आणि जमिनीवर वावरणारीं पांखरें लावा, तित्तिर, चकोर हीं. अशा देशांतील माणसें शरीरानें घट्ट व काटक असतात, असेंही त्या आचार्यांनीं नमूद करून ठेविलें आहे. महाभारतांतील ‘कुरुजांगल’ हें देशनाम याच शब्दापासून बनलें. आणि राजानें वस्ती करावी ती जांगल देशांत, असा मनुस्मृतीचा सल्ला आहे. ज्या भूमीस आमच्या पूर्वजांनीं राहण्यास उत्तम म्हटलें, तिचें नांव पुढें किर्र झाडीकडे गेलें, आणि इंग्रजीनेंही तें त्याच अर्थानें उचललें. मूळ भूमि मात्र बिननांवाची राहिली. सरकारी कागदांत आतां तिला ‘पडीक’ म्हणतात.

आमच्या बीड जिल्ह्याचे ढोबळ मानानें दोन भाग पडतात. उत्तरेकडे गोदावरीच्या कांठची काळीभोर गंगथडी, आणि तिच्या दक्षिणेस बालाघाटाचें पठार. मांजरा नदी याच पठारावर, पाटोदा तालुक्यांत उगम पावते. माझ्या नोकरीचीं बहुतेक सर्व वर्षें या पठारावरील एका लहानशा गांवीं गेलीं, आणि निवृत्तीनंतरही मी तेथेंच राहिलों. गांवाच्या पश्चिमेस मोठें गायरान आहे. वीतभर मातीखालीं मुरूम, मुरुमाखालीं काळा पाषाण. नांगर धरावा अशी ती जमीन नव्हेच. पण आषाढाचे दोन पाऊस पडले कीं तिच्यावर कुसळी, पवना, मारवेल हीं गवतें उठतात, भाद्रपदांत गुडघ्यास लागतात, आणि कार्तिकांत सारा माळ पिकल्या गव्हाच्या रंगाचा होतो. मधूनच एखादें हिंवराचें झाड, बोरीचीं झुडुपें, तरवड. वाटसरूस वाटावें, येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु घटकाभर स्वस्थ बसणाऱ्यास चंडोल, धाविक, पखुर्ड्या, ससा, खोकड, आणि दैव बलवत्तर असेल तर लांडगाही भेटतो. चरकाचार्यांचे लावे व तित्तिर अजून आहेत.

या माळाचा एक रहिवासी मात्र परदेशचा आहे. त्याचें नांव भोंवत्या. कूळ शिकारी पक्ष्यांचें. गांवचे लोक त्याला कधीं घार म्हणतात, कधीं ससाणा म्हणतात. पण घारीसारखा तो उंच आभाळांत घिरट्या घालीत बसत नाहीं, कीं ससाण्यासारखा बाणाप्रमाणें सुटत नाहीं. गवताच्या शेंड्यांवरून दोन-चार हात उंचीनें, दोन्ही पंख किंचित् वर उचललेले ठेवून, क्षणांत डावीकडे तर क्षणांत उजवीकडे कलत तो सावकाश तरंगत जातो. परीक्षेच्या वेळीं बाकांमधून फिरणारा पर्यवेक्षक ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना ही चाल निराळी समजावून सांगावयास नको. त्याचा चेहरा घुबडासारखा वाटोळा असतो, आणि त्या वाटोळेपणाचा उपयोगही घुबडासारखाच आहे: गवतांतील बारीक खसखस त्यामुळें कानांत गोळा होते. मग एकाएकीं पंख मिटून तो खालीं पडतो. नाकतोडे, टोळ, सरडे, उंदीर, लहान पांखरें हें त्याचें अन्न. आणि त्यांत नाकतोड्या-टोळांचा भाग मोठा असल्यामुळें रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्याचा तो बिनपगारी राखणदारच होय.

आमच्याकडे याच्या दोन जाती मुख्यतः दिसतात. एक मोंटेग्यूचा भोंवत्या. जॉर्ज मोंटेग्यू या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८०२ सालीं ही जात निराळी असल्याचें दाखवून दिलें, म्हणून हें नांव. दुसरा पांढुरका भोंवत्या. दोन्ही जातींचे नर राखी रंगाचे, पंखांचीं टोकें जणूं शाईंत बुडविलेलीं. मोंटेग्यूच्या पंखावर आणखी एक काळी रेघ असते. माद्या तपकिरी, आणि शेपटीच्या मुळाशीं पांढरा पट्टा. नर-मादी इतकीं निराळीं दिसतात कीं त्या दोन जाती वाटाव्या, आणि दोन जातींच्या माद्या इतक्या सारख्या कीं दुर्बिणीवांचून त्यांत भेद करणें कठीण. मोंटेग्यूच्या नराचें वजन पाव किलोच्या जवळपास. पंखांचा विस्तार मात्र हातभरापेक्षां कितीतरी अधिक, मीटरभराचा.

भोंवत्या येतो तो भाद्रपद-आश्विनांत आणि जातो फाल्गुन-चैत्रांत. हेंच वेळापत्रक उलट्या बाजूनें माझ्या शाळेचेंही होतें. दसरा झाला कीं गांवांत मुकादमांच्या मालमोटारी व ट्रॅक्टर येऊं लागत. उचल घेतलेलीं जोडपीं, ज्यांस कारखान्याच्या भाषेंत ‘कोयता’ म्हणतात, नवरा व बायको मिळून एक कोयता, आपलीं भांडीं, कोंबड्या आणि लहानगीं मुलें घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत ऊंस तोडावयास निघत. बीड जिल्ह्यांतून अशीं लाखों माणसें आजही दरवर्षीं जातात आणि गळिताचा हंगाम संपला म्हणजे परत येतात. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर चाळीस नांवें असत. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली कीं समोर वीस-बावीस डोकीं. पुढें हंगामी वसतिगृहें निघालीं, त्यामुळें कांहीं मुलें आजी-आजोबांपाशीं राहूं लागलीं. तरी ज्याला धाकटें भावंड सांभाळावयाचें असे, त्याला गाडींत चढावेंच लागे. त्यांतहि मुली अधिक.

जांगल देशाचीं काटक माणसें आनूप देशांत, म्हणजे कालव्यांनीं मुद्दाम आनूप केलेल्या देशांत, पाण्याचें पीक तोडावयास जातात. आणि थोड्याफार फरकानें त्याच दिवसांत हजारों किलोमीटरांवरून एक पक्षी याच कोरड्या माळावर पोट भरावयास येतो. यांत कांहीं गूढ योजना आहे असें माझें म्हणणें नाहीं. पण शिक्षकाच्या डोळ्यांपुढें वर्षानुवर्षें हीं दोन दृश्यें एकामागून एक आलीं, तर तीं एकमेकांस चिकटून बसतात. शाळेच्या दैनंदिनींत मी पहिला भोंवत्या दिसल्याची तारीख टिपून ठेवीत असें. एका वर्षीं मुलांना माळावर नेऊन मी त्याची सारी कथा सांगितली: किती दुरून येतो, किती डोंगर ओलांडतो, चैत्रांत कसा परत जातो. चौथींतली एक मुलगी, जिचीं आईबापें आदल्याच आठवड्यांत गेलीं होतीं, बराच वेळ त्या पक्ष्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, ह्यांला उचल कोण देतं?” मुलें हंसलीं. मला हंसूं आलें नाहीं.

भोंवत्याची खरी गंमत संध्याकाळीं असते. दिवसभर एकेकटा फिरणारा हा पक्षी सूर्यास्ताच्या सुमारास माळाच्या एका ठरलेल्या भागाकडे वळतो. प्रथम एक, मग तीन, मग निरनिराळ्या दिशांनीं आणखी. गवतावरून सारे मुकाट्यानें फिरत राहतात, आणि अंधार पडतां पडतां एकेक जण गवतांत उतरून नाहींसा होतो. झाडावर तो झोंपत नाहीं. गुडघाभर उंच, न कापलेलें, न जळलेलें गवत त्यास रात्रीसाठीं लागतें. त्यांत बसून बसून ताटाएवढी जागा तो दाबून सपाट करतो, आणि पुष्कळदां रोज तेथेंच येतो. सकाळीं त्या जागेवर न पचलेल्या अन्नाच्या सुक्या गोळ्या पडलेल्या सांपडतात. त्या टांचणीनें उकलून त्यांत नाकतोड्यांच्या तंगड्या, उंदरांचे केस, सरड्यांचे खवले शोधावयाचे, हा माझ्या विज्ञानाच्या तासाचा एक आवडता भाग होता. त्यासाठीं कोणतेंही साहित्य विकत आणावें लागत नसे. गुजरातेंत भावनगरजवळ वेळावदर येथें १९७६ सालीं काळविटांसाठीं राष्ट्रीय उद्यान झालें. तेथील गवतांत हे पक्षी शेंकडोंनीं, कांहीं वर्षीं हजारोंनीं रात्र काढतात. आमच्या माळावरचा मेळा त्यापुढें कांहींच नव्हे. भरांत असतांना तीस-पस्तीस. पण आमच्या दारीं तीस-पस्तीस परदेशी पाहुणे रोज मुक्कामास येतात, आणि गांवांत कोणाची झोंपमोड होत नाहीं, हें काय थोडें?

त्याचें माहेर पाहिलें तर तेथेंही गवतच. दक्षिण रशिया, कझाकस्तान आणि त्यांच्या आसपासच्या विस्तीर्ण माळांवर, ज्यांस तिकडे ‘स्टेप’ म्हणतात, हे पक्षी उन्हाळ्यांत घरटीं करतात. आणि घरटेंही जमिनीवर, गवतांतच. पाठीवर लहानशीं यंत्रें बांधून उपग्रहांच्या साहाय्यानें त्यांचा प्रवास आतां पाहतां येतो. दख्खनच्या पठारावरून निघालेले पक्षी गुजरात-राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून कझाकस्तानापर्यंत पोंचतात; वाट चार हजार किलोमीटरांच्या घरांतली. त्या माळांवरही एकदां मोठा घाला आला. १९५४ पासून ख्रुश्चेव्ह यांच्या धोरणानुसार सोव्हिएत संघानें कझाकस्तान व सैबेरियांतील कोट्यवधि एकर गवत गव्हासाठीं नांगरून काढलें. त्यांनाही ती जमीन पडीकच वाटली होती. पांढुरक्या भोंवत्याची संख्या घटण्याच्या कारणांत तज्ज्ञ या नांगरटीस मोठें स्थान देतात. आज ही जात जगांत संकटाच्या उंबरठ्यावर असल्याची नोंद आहे.

आपल्याकडील गोष्ट थोडी निराळी आहे, कारण आपण माळ नांगरतों तसेच तो झाडांखालीं झांकतोंही. वृक्षारोपणाविरुद्ध मी बोलूं लागलों म्हणजे माझे जुने सहकारी माझ्याकडे चमत्कारिक नजरेनें पाहतात. झाड लावणें पुण्यकर्म आहे, यांत मला शंका नाहीं. ओढ्याकांठीं करंज लावा, घरापुढें कडुनिंब लावा, रस्त्यांच्या कडेला वड लावा. पांचपन्नास मींही जगविले आहेत. प्रश्न जागेचा आहे. महाराष्ट्रांत २०१६ सालीं दोन कोटि, २०१७ सालीं चार कोटि, २०१८ सालीं तेरा कोटि आणि २०१९ सालीं तेहतीस कोटि झाडें लावण्याचे संकल्प झाले. एवढ्या झाडांना जागा पाहिजे, आणि जागा म्हटली कीं कागदावरचें ‘पडीक’ पुढें येतें. देशांतील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह २००० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत झुडुपाळ माळ पडीक वर्गांतच घातले आहेत. वास्तविक गवत हेंही झाडोऱ्याइतकेंच जिवंत आच्छादन आहे. फरक इतकाच कीं झाडाचा संसार वर दिसतो, गवताचा बराचसा जमिनीखालीं असतो. मुळांची ती दाट वीण माती धरून ठेवते आणि पावसाचें पाणी जिरविते.

आमच्या गायरानाच्या निम्म्या भागावर कांहीं वर्षांपूर्वीं एका खात्यानें यंत्र लावून समतल चर खोदले आणि चरांच्या कडेनें रोपें लावलीं. त्यांतलीं पुष्कळशीं गिरिपुष्पाचीं. हें मूळचें मध्य अमेरिकेंतलें झाड असून आमच्या शेळ्या त्याला तोंड लावीत नाहींत, हाच त्याचा गुण मानला गेला. दुसऱ्या उन्हाळ्यांत अर्ध्याहून अधिक रोपें वाळलीं. जीं जगलीं त्यांच्याखालीं मुरूम उघडा पडला आणि जेथें मारवेल होतें तेथें गाजरगवत आलें. भोंवत्यांनीं ती बाजू सोडली. गेल्या पौषांत उरलेल्या भागावर मीं सात मोजले. याला एकटे तेच चर कारण आहेत असें ठामपणें म्हणतां येणार नाहीं. बालाघाटावर आतां जागोजाग पवनचक्क्या फिरत आहेत, पिकांवर औषधें फवारल्यामुळें नाकतोडेही पूर्वींइतके राहिले नाहींत, आणि माघांत कोणी ना कोणी गवताला काडी लावतोच. शेजारच्या सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांत माळढोकासाठीं १९७९ सालींच अभयारण्य झालें. तरी आज महाराष्ट्रांत माळढोक दिसणें दुर्मिळ झालें आहे. तो तर बोलून चालून मोठा, नांवाजलेला पक्षी. भोंवत्याची दाद कोण घेणार?

उरलेल्या गायरानाचा विषय गेल्या वर्षीं ग्रामसभेपुढें आला. मागण्या तीन होत्या. एक, तेथें सौर वीज प्रकल्पास जागा द्यावी, म्हणजे शेतीपंपांस दिवसा वीज मिळेल. दुसरी, राहिलेल्या भागावरही झाडें लावावींत. तिसरी, कांहीं भूमिहीन कुटुंबें माळाच्या कडेचे चार तुकडे पुष्कळ वर्षें कसून खात आहेत, ते त्यांच्या नांवें व्हावेत. या तिन्हींपैकीं एकही मागणी खोटी नव्हती. रात्रीं बारा वाजतां विजेसाठीं शेतांत जाणारा माणूस, किंवा ज्याला हातभर जमीन नाहीं असा माणूस यांच्यापुढें उभें राहून पांखरांची वकिली करणें सोपें नाहीं. मीं चौथी गोष्ट मांडली: कसणाऱ्यांचे तुकडे त्यांचे त्यांस राहूं द्यावेत, सौर प्रकल्प ज्या बाजूस चर खोदून झाले आहेत त्या बाजूस न्यावा, आणि पश्चिमेकडील चाळीस एकर गवत कुरण म्हणून राखावें. एका तरुणानें विचारलें, “गुरुजी, त्या पाखरांचा गावाला उपयोग काय?” प्रश्न रास्त होता. मीं टोळ व नाकतोड्यांचें सांगितलें; पण त्याचें समाधान झाल्याचें दिसलें नाहीं.

तेवढ्यांत मागें बायकांत बसलेली एक म्हातारी उठली. तिचे दोन्ही मुलगे व सुना ऊंसतोडीस जातात. ती दोन नातवंडें आणि सहा शेळ्या यांच्यासह मागें राहते. ती म्हणाली, “लेकरं कारखान्याला गेली की मला अन् माझ्या शेळ्यांला ह्योच माळ सांभाळतो. तुमी त्यावर काच लावा नायतर झाडं लावा, मी कुठं जाऊ ते आधी सांगा.” सभेंत जरा शांतता झाली. मग ध्यानांत आलें कीं कार्तिकापासून चैत्रापर्यंत ज्यांची चूल या माळावर अवलंबून असते, अशीं म्हाताऱ्यांची घरें गांवांत थोडींथोडकीं नव्हत, पंचवीस-तीस निघालीं. भोंवत्याचें नांव पुन्हां कोणीं काढलें नाहीं. मींही काढलें नाहीं. चाळीस नव्हे, पण पंचवीस एकर कुरण म्हणून राखण्याचा ठराव झाला. सौर प्रकल्पाची जागा तालुक्याहून माणसें येऊन पाहून गेलीं आहेत. निकाल यावयाचा आहे. कडेच्या तुकड्यांचा अर्जही वरच्या कचेरींत पडून आहे.

कुरणाविषयींही सारें मिटलें आहे असें नाहीं. धनगरांचा एक तांडा दरवर्षीं मार्गशीर्षांत येथून जातो. त्यांतील म्हाताऱ्यास पांखरें कोठें झोंपतात तें ठाऊक आहे, आणि रात्रीची वाघर तो त्या जागेपासून दूर लावतो. त्याला कोणीं ठराव वाचून दाखविलेला नाहीं. गांवकऱ्यांशीं मात्र वाद चालू आहे तो गवताच्या लिलावाचा. माझें म्हणणें, शेळ्यांनीं कडेकडेनें चरावें, मधला उंच पट्टा फाल्गुन संपेपर्यंत कापूं नये. तोंवर पाहुणे निघून गेलेले असतात. पंचायतीचें म्हणणें, फाल्गुनांत तें गवत वाळून काडी होतें, कोण घेणार? पौषांत कापलें तर पेंढीला भाव येतो. म्हातारी या बाबतींत पंचायतीच्या बाजूची आहे, मात्र तिला लिलावाच्या पैशांतून शेळ्यांसाठीं पाण्याचा हौद पाहिजे. यंदा निम्मा पट्टा पौषांत कापावयाचा आणि निम्मा ठेवावयाचा, एवढ्यावर सध्यां थांबलें आहे. कोणता निम्मा, तें ठरविण्यास येत्या सोमवारीं बसावयाचें आहे.